अलार्म चार वेळा वाजतो, थांबतो, परत चार वेळा... हा धुराचा का गॅसचा? (आई-बाबा घरी एकटे होते)

मिरजेची_लेक

नमस्कार, घाईत टाइप करतेय, चुका सांभाळून घ्या. आम्ही न्यू जर्सीत टाउनहाऊसमध्ये राहतो, गराज घराला चिकटून आहे, त्यातून थेट खालच्या हॉलवेत दार उघडतं. गेल्या महिन्यात आई-बाबा मिरजेहून आलेत, बाबा ७४, आई ७०.

मागच्या आठवड्यात रात्री तीन वाजता वरच्या मजल्यावरचा अलार्म दर मिनिटाला एकदा 'चिक्' करायला लागला. आईला वाटलं रातकिडा शिरलाय, टॉर्च घेऊन पडद्यामागे शोधत बसली बिचारी. शेवटी नवऱ्याने तो फिरवून खाली काढला, वायर सोडवली, बॅटरी काढली आणि सगळं ड्रॉवरमध्ये टाकलं, म्हणाला वीकेंडला बघू. वीकेंड आला आणि गेला.

आज मी साडेसहाला निघाले. रात्री बर्फ पडला होता म्हणून नवऱ्याने गाडी गराजमध्येच चालू करून ठेवली, मोठं दार उघडं होतं, आणि तो बाहेर ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होता, वीसेक मिनिटं तरी झाली असतील, मग तो पण गेला. थोड्या वेळाने खालच्या हॉलवेतला अलार्म सुरू झाला. नेमकी त्याच वेळी आईने पोह्यांची फोडणी टाकलेली, त्यामुळे दोघांना वाटलं त्याचाच धूर, कारण आल्यापासून दोनदा तसं झालंय. बाबांनी पेपरने वारा घातला, मागचं दार उघडलं, तरी थांबेना, तेव्हा स्टुलावर चढून तोही काढला. काढायच्या आधी त्यांनी व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "हे असं वाजतंय, काय करू सांग". मी मीटिंगमध्ये, दुपारी ऐकलं. चार वेळा भराभर बीप, मग शांत, परत चार, आणि मागून आईचं "अहो, खिडकी उघडा ना आधी". फोडणीला वाजतो तेव्हा तीन-तीन वेळा वाजतो असं मला आठवतंय.

आई सकाळपासून डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतेय. ताप नाही. बाबांनी बोटाला ऑक्सिमीटर लावला, ९७ दाखवतोय, म्हणून ते निर्धास्त. आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत, मी घरी आलेय, दारं-खिडक्या बंद आहेत, हीटर चालू आहे आणि अलार्म टेबलावर पडलाय. चार म्हणजे नक्की काय? बॅटरी बदलून परत लावू का?

वायरमन_डेट्रॉइट

ताई, आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा. सगळ्यांना कोट घालून घराबाहेर काढा, आत्ता, आणि बाहेर जाऊन ९११ लावा. सांगा की सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा, अलार्म सकाळी वाजला होता, घरात एकाला डोकेदुखी आणि मळमळ आहे. फायर डिपार्टमेंटचे लोक मीटर घेऊन येतात आणि खोलीखोलीत मोजतात. "आता वाजत नाहीये" हे काही धरू नका, तो वाजत नाहीये कारण तो टेबलावर पडलाय.

चार भराभर बीप आणि मग साधारण पाच सेकंद शांतता, हा कार्बन मोनॉक्साइडचा आवाज. तीन बीप, दीड सेकंद थांबणं, परत तीन, हा धुराचा म्हणजे आगीचा. हा काही कंपन्यांचा मनमानी कारभार नाही, अमेरिकेत ठरवून दिलेले पॅटर्न आहेत. तुम्हाला आठवतंय ते बरोबर आहे, फोडणीला तीन वाजले, आज चार वाजले.

बाहेर पडलात की एक ओळ टाका.

भूलतज्ज्ञ_शुक्रवार_पेठ

वायरमन बरोबर सांगतायत, त्यात मी एकच घालतो कारण ते फार महत्त्वाचं आहे. ऑक्सिमीटरच्या ९७ वर अजिबात विसंबू नका. कोविडनंतर ते यंत्र घरोघरी आलंय आणि लोकांचा त्यावर फार विश्वास बसलाय, पण नेमकं इथेच ते फसतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, आणि तसं चिकटलेलं हिमोग्लोबिनही लालभडकच असतं. बोटावरच्या साध्या यंत्राला दोन्हीतला फरक कळत नाही, ते त्याला ऑक्सिजनच समजून आकडा दाखवतं. म्हणजे माणूस गुदमरतोय आणि आकडा ९७, असं खरोखर होतं.

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, थकवा आणि ताप नाही, हे सगळं लोक फ्लू, पित्त नाहीतर जेट लॅग म्हणून सोडून देतात. विचारण्यासारखा प्रश्न एकच, घराबाहेर गेल्यावर बरं वाटतं का, आणि घरातल्या आणखी कुणाला तसंच होतंय का. आईंना आज रात्रीच दाखवा आणि डॉक्टरांना स्वतःहून सांगा की सीओचा संशय आहे, म्हणजे ते रक्त तपासतील. नुसत्या हवेत हा वायू रक्तातून अर्धा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर एक-दीड तासात होतो. सकाळची गोष्ट आहे म्हणून आता रक्तात कमी सापडेल, तरी दाखवाच. सत्तरीच्या माणसाच्या हृदयावर याचा ताण पडतो.

मिरजेची_लेक

बाहेर आलोय, शेजाऱ्यांच्या घरात बसलोय. ९११ ला फोन झाला, येतायत. हात थरथरतायत माझे. नंतर लिहिते.

वायरमन_डेट्रॉइट

बरं केलंत. आता तुम्ही सवडीने वाचाल म्हणून सविस्तर लिहितो, मी अठरा वर्षं इथे इलेक्ट्रिशियनचं काम करतोय आणि दर हिवाळ्यात हेच बघतोय.

पहिली गोष्ट गाडीची. गराजचं मोठं दार उघडं असलं तरी गाडी आत चालू ठेवायची नाही, कधीच नाही. थंड इंजिन सुरू झाल्या झाल्या सगळ्यात जास्त सीओ सोडतं, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गाडीचा धूर शुद्ध करणारा भाग, तापल्याशिवाय काम करत नाही. आणि थंडीत घरातली गरम हवा वर वर जाऊन बाहेर पडते, तिच्या जागी खालून हवा ओढली जाते, त्या ओढीत गराजमधली हवा दाराच्या फटीतून घरात येते. गाडी निघून जाते, वायू राहतो. म्हणून तुमचा अलार्म नवरा गेल्यावर वाजला, यात नवल काहीच नाही. दुसरं म्हणजे सीओ अलार्म लगेच वाजत नाहीतच मुळी, तसे बनवलेलेच नसतात. हवेत दहा लाख भागांत ७० भाग असला तर तो एक ते चार तासांत वाजतो, १५० ला दहा ते पन्नास मिनिटांत, ४०० ला चार ते पंधरा मिनिटांत. म्हणजे तो वाजला तेव्हा वायू घरात काही वेळ होताच. आणि बाबांनी दार उघडल्याने आकडा खाली आला असेल, पण फर्नेसमधून, म्हणजे घर तापवणाऱ्या भट्टीतून, किंवा वॉटर हीटरमधून वायू येत असेल तर दार बंद केल्यावर परत चढला असेल. म्हणून तपासणीशिवाय आत झोपायचं नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. सीओचा चार बीपचा आवाज पहिली चार मिनिटं दर पाच सेकंदांनी येतो, त्यानंतर काही अलार्म मधला वेळ वाढवून मिनिटाला एकदा करतात. म्हणजे तुम्ही उशिरा उठलात तर तुम्हाला ऐकू येईल चार बीप, मग मिनिटभर काहीच नाही, परत चार. लोकांना वाटतं बॅटरी संपली, मिनिटाला वाजतोय ना. म्हणून मोजायचं. एकदा वाजला का चारदा. एका घरी मला "बॅटरी बदलून द्या" म्हणून बोलावलं होतं, दारात उभा राहून ऐकलं तर चार, आत आजोबा सोफ्यावर गुंगीत आणि बाईंना वाटतंय औषधाने झोप लागलीय. त्यांचं फर्नेसचं बाहेरचं नळकांडं बर्फाने बुजलं होतं. आजोबा वाचले. तेव्हापासून कुणी फोनवर "अलार्म वाजतोय" म्हटलं की मी आधी विचारतो किती वेळा.

आणि तुमचा रातकिडा. तीस ते साठ सेकंदांनी एकच 'चिक्', ही बॅटरी संपत आल्याची खूण, नाहीतर अलार्मचं आयुष्य संपल्याची. काही मॉडेलमध्ये आयुष्य संपलं की लागोपाठ दोन 'चिक्' येतात, काहींमध्ये दिव्याचा रंग बदलतो, हे कंपनीवर आहे, मागच्या लेबलवर लिहिलेलं असतं, मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. रात्री तीन वाजताच का, तर पहाटे घर थंड होतं, थंडीत अर्धमेल्या बॅटरीचा व्होल्टेज पडतो, सकाळी घर तापलं की परत वर येतो आणि 'चिक्' बंद. मग लोक म्हणतात आपोआप बरा झाला. नाही झाला. तुमचे विजेवर चालणारे आहेत, त्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी असते ती लाइट गेल्यावर चालण्यासाठी, ती काढून नुसता वायरवर ठेवला तरी तो चिक्चिक करणार. नवीन बॅटरी टाकूनही करत असेल तर खाली काढून वायर आणि बॅटरी दोन्ही सोडवा आणि टेस्ट बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, आतला उरलेला चार्ज निघून जातो, मग परत लावा.

मागे उत्पादनाची तारीख बघा. धुराच्या अलार्मचं आयुष्य त्या तारखेपासून १० वर्षं, तुम्ही घरात लावला त्या दिवसापासून नाही. सीओचा सेन्सर लवकर मरतो, जुन्यांमध्ये ५ ते ७ वर्षं, आताच्या काहींमध्ये १०. टेस्ट बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे भोंगा आणि आतलं सर्किट ठीक, सीओचा सेन्सर जिवंत आहे हे त्यातून कळत नाही. तारीख गेली की बदला, कितीही जोरात वाजत असला तरी.

ॲबर्डीनची_वहिनी

देव पावला म्हणायचं, तुमच्या बाबांनी तो आवाज रेकॉर्ड केला ते किती बरं झालं.

मला फोडणीबद्दल लिहायचंय, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे. मोहरी तडतडली की अलार्म, पापड भाजला की अलार्म, महिनाभरात माणसाच्या डोक्यात पक्कं बसतं की हा उगीचच ओरडतो, आणि मग ज्या दिवशी तो खरं सांगतो त्या दिवशी आपण त्याला पेपरने वारा घालतो. आपल्या स्वयंपाकाच्या घरात हे सगळ्यांचं होतं, तुमच्या आई-बाबांची काही चूक नाही.

इकडे स्कॉटलंडमध्ये फेब्रुवारी २०२२ पासून नियमच आहे की स्वयंपाकघरात हीट अलार्म हवा, म्हणजे धुराने नाही, उष्णतेने वाजणारा, साधारण ५८ अंशांच्या आसपास. बैठकीच्या खोलीत आणि जिन्याच्या पॅसेजमध्ये धुराचे, आणि सगळे एकमेकांना जोडलेले, एक वाजला की सगळे वाजतात. माझ्या किचनमध्ये तो लागल्यापासून मी मिरच्यांचा ठेचा करते, वांगं गॅसवर भाजते, तो गप्प असतो. अमेरिकेतही मिळतो असं माझी बहीण सांगते, फक्त तो धुराच्या अलार्मच्या बदली लावायचा नाही, शिवाय म्हणून लावायचा.

दुसरं, धुराच्या अलार्ममध्ये दोन जाती असतात. आयोनायझेशनवाला भडकलेल्या आगीला पटकन ओळखतो पण तव्यावरच्या बारीक, डोळ्याला न दिसणाऱ्या धुराला उगाच वाजतो. फोटोइलेक्ट्रिक, आम्ही इकडे ऑप्टिकल म्हणतो, तो धुमसणाऱ्या आगीला चांगला, गादी, सोफा, वायर वगैरे, आणि स्वयंपाकाला कमी त्रास देतो. शेगडीजवळच्या हॉलवेत हा दुसरा लावा आणि शेगडीपासून दहा फूट तरी लांब. आंघोळीच्या वाफेनेही वाजतात हो, बाथरूमच्या दाराच्या अगदी तोंडाशी लावू नका.

आणि कळकळीची विनंती, गणपतीत किंवा वास्तुशांतीला होम असला की लोक अलार्मला शॉवर कॅप घालतात. आमच्या ओळखीत एकांची कॅप गणपतीत चढवलेली ती थेट दिवाळीच्या सफाईत सापडली. कापूर आरतीला तेवढ्यापुरतं खिडकी उघडून, एक्झॉस्ट लावून भागतं, हश बटण असतं तेही दाबता येतं, दहा मिनिटांनी तो आपला आपण परत जागा होतो. होम करायचा तर अंगणात.

हो, इकडच्या अलार्मचे आवाज तुमच्यासारखे तीन आणि चार असे ठरलेले असतीलच असं नाही, त्यामुळे यूकेतल्या लोकांनी आपापल्या अलार्मचं पुस्तक बघा आणि टेस्ट दाबून दोन्ही आवाज घरातल्या सगळ्यांना ऐकवा.

गंगापूर_रोड

मी नाशिकहून. वाचताना अंगावर काटा आला कारण आपल्याकडे हे अलार्म नाहीतच आणि माणसं मात्र त्याच वायूने जातात. गॅस गीझर. दर थंडीत पेपरात बातमी असते, बाथरूममध्ये गुदमरून मृत्यू, दार तोडून काढलं. लोक म्हणतात गॅस लीक झाला. बऱ्याचदा लीक नसतोच. लहान बाथरूम, थंडी म्हणून खिडकी बंद, एक्झॉस्ट बंद, गीझर आतच लावलेला, जळताना तो खोलीतला ऑक्सिजन खातो, ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि सीओ तयार होतो. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो म्हणून गळती कळते, सीओला वास नाही, रंग नाही, डोळ्यांची आग नाही. माणसाला नुसतं गळल्यासारखं होतं आणि कडी काढायचंही बळ राहत नाही.

माझ्या मावसभावाच्या घरी असंच झालं होतं, त्याची मुलगी आत पडली, बादली आपटल्याचा आवाज आला म्हणून कळलं. वाचली. दुसऱ्याच दिवशी त्याने गीझर बाथरूमच्या बाहेर, ड्राय बाल्कनीत हलवला.

एक गोंधळ इथे दूर करतो. बाजारात गॅस डिटेक्टर म्हणून मिळतो तो बहुतेक एलपीजीच्या गळतीचा असतो, त्याला सीओ कळत नाही. आणि सीओ अलार्मला एलपीजी कळत नाही. घेताना पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. एलपीजी हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा डिटेक्टर खाली लावतात. पाइपने येणारा गॅस हलका, त्याचा वर. सीओ हवेत सगळीकडे मिसळतो, त्याचा झोपायच्या खोलीजवळ, म्हणजे झोपेत ऐकू येईल असा. बॅटरीवरचे सीओ अलार्म आता ऑनलाइन मिळतात, घरात गॅस गीझर असेल किंवा थंडीत कोळशाची शेगडी पेटवत असतील तर खरंच घ्या.

मिरजेची_लेक

उशिरा लिहितेय, माफ करा, कालची रात्र हॉस्पिटलमध्ये गेली. सगळे ठीक आहेत.

फायर डिपार्टमेंटची माणसं दहा मिनिटांत आली. त्यांनी सगळी खिडक्या-दारं बंद करायला सांगितली, फर्नेस आणि गरम पाण्याचा हीटर दोन्ही चालू केले आणि मीटर घेऊन घरभर फिरले, तिथे शून्य. मग त्यांच्यातल्या एकाने गराज आणि हॉलवेमधल्या दाराखाली टॉर्च धरला, पलीकडून मी बघितलं तर उजेडाची बोटभर पट्टी दिसत होती. दाराची रबरी पट्टी पार झिजून गेली होती, आम्ही रोज त्या दाराने ये-जा करतो आणि कधी खाली वाकून बघितलं नाही. नवऱ्याला त्यांनी तिथेच, वायरमनदादांनी लिहिलंय तेच सगळं सांगितलं, गाडी बाहेर काढून मगच गरम करायची. तो रात्रभर एक शब्द बोलला नाही. मी पण त्याला काही बोलले नाही.

आईला रक्त तपासून ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना मी तुमचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं, सीओचा संशय आहे म्हणून. रक्तात थोडा सापडला, तेवढ्या तासांनंतरही. पहाटेपर्यंत डोकं उतरलं आणि तिने चहा मागितला तेव्हा माझ्या जिवात जीव आला. बाबांनाही तपासलं, ते ठीक आहेत.

अलार्मच्या मागच्या तारखा बघितल्या. खालचा २०१९ चा, त्याने आपलं काम चोख केलं. वरचा ड्रॉवरमधला २०११ चा! म्हणजे आम्ही घर घेतलं तेव्हाच तो संपत आला होता. आज सगळे नवीन आणले, शेगडीजवळच्या हॉलवेत फोटोइलेक्ट्रिक.

बाबांनी स्वतःच्या अक्षरात कागद लिहून फ्रिजवर लावलाय: "एकदा चिक् – बॅटरी, मुलीला सांगणे. तीन – आग. चार – विषारी वायू. तीन वा चार: काही न घेता बाहेर, समोरच्या मेपलखाली, मग ९११." खाली घराचा पत्ता इंग्रजीत, फोनवर वाचून दाखवता यावा म्हणून. मग त्यांनी एकेका अलार्मचं टेस्ट बटण दाबलं आणि आईला खोलीत दार लावून बसायला सांगितलं. हॉलवेतला वाजला तेव्हा आई बाहेर आलीच नाही. आम्ही दार उघडलं तर ती शांतपणे स्वेटर विणत होती. तिला काल सकाळीही तो आवाज पुसटच आला होता म्हणे, बाबा धावले म्हणून तिला कळलं. तिच्या कानाचं आम्हाला माहीत होतं, पण इतकं असेल असं वाटलं नव्हतं.

भूलतज्ज्ञ_शुक्रवार_पेठ

आई बऱ्या आहेत हे वाचून फार बरं वाटलं. पुढचे काही आठवडे लक्ष ठेवा, विसरणं, चालताना तोल जाणं, वागण्यात बदल, असं काही दिसलं तर परत दाखवा, क्वचित उशिरा त्रास दिसतो.

ऐकण्याचं असं आहे की वयाबरोबर आधी बारीक, किनऱ्या आवाजाचं ऐकणं जातं, आणि नेहमीच्या अलार्मचा आवाज नेमका तसाच असतो, ३००० हर्ट्झच्या वर. ५२० हर्ट्झचे, खर्जातले अलार्म मिळतात, झोपलेल्या वयस्कर माणसांना ते जास्त उठवतात. आईंच्या खोलीत तसा बघा.

वायरमन_डेट्रॉइट

हो, ५२० वाला मिळतो, थोडा महाग आहे, पण घ्या. त्याबरोबर गादीखाली ठेवायची थरथरणारी चकतीही मिळते, अलार्म वाजला की ती हलवते. घेताना ती चार बीपला पण हलते का ते विचारून घ्या, काही फक्त तीनला, म्हणजे धुरालाच हलतात.

मिरजेची_लेक

हे विचारलं नसतं तर मी तीनवालीच आणली असती. मनापासून आभार सगळ्यांचे. ती चकती कुणी घरच्यांसाठी वापरलीय का? आई कुशीवर झोपते आणि गादी जाड आहे, उशीखाली ठेवली तर चालेल का गादीखालीच हवी?